रुजवात न घेता पसरलेल्या गाण्याबाबत

तक्रारदार : मी स्वतः, वय बावन्न, शिक्षण नववी पास, व्यवसाय तालुक्याच्या कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणे.

बाधित व्यक्ती : माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्वजण अक्का म्हणतो, येडेश्वरीची आराधी म्हणजे देवीची गाणी म्हणणारी उपासक, राहणार येरमाळ्याहून पायी अर्ध्या तासाच्या अंतरावरील गाव.

गैरअर्जदार : एक, येरमाळ्यात हमरस्त्यालगत मोबाईलचे दुकान चालवणारे गृहस्थ. दोन, ज्यांनी अक्काचे गाणे तिला न विचारता आपापल्या मोबाईलमध्ये उतरवून घेतले असे सर्व स्त्री-पुरुष, ज्यांची यादी करणे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

घटनेचा दिवस : यंदाच्या चैत्री पौर्णिमेचा दुसरा दिवस, देवीची पालखी आमराईत आल्यानंतर, ऊन उतरण्याच्या सुमारास.

साक्षीदार : एक, अक्काच्या मेळ्यात संबळ वाजवणारे मामा. दोन, सदर मोबाईल दुकानाशेजारी चहाचा गाडा लावणाऱ्या मावशी.

नावे मुद्दाम घातलेली नाहीत. ज्या प्रकरणात एका बाईचे नावच गेले, त्या कागदावर बाकीच्यांची नावे मिरवावीत हे मला मान्य नाही.

आता हकीकत.

अक्काला अक्षरओळख नाही. तिला गाणे शिकवले ते तिच्या गुरूबाईने, जी आता हयात नाही. चाल गुरूबाईची आणि शब्द अक्काचे, असे ते देवीचे पाच कडव्यांचे गाणे आहे. मी तरुण असताना अक्काने ते मला सांगितले आणि मी ते माझ्या वहीत लिहून घेतले. अस्सल म्हणावा असा तो एकच कागद. पहिली चार कडवी देवीची आहेत. पाचवे कडवे छापेचे. छाप म्हणजे गाणाऱ्याची ओळख. त्यात आधी गुरूबाईचे नाव येते, मग गावाचे, आणि सर्वांत शेवटी, जवळजवळ लाजत, अक्काचे. आमच्याकडे रीत अशी आहे की छापेचे कडवे सुरू झाले की बसलेल्याने उठायचे नाही. गुरूचे नाव आले की जमिनीला हात लावून कपाळाला लावायचा. छाप घेतल्याशिवाय गाणे देवीपर्यंत पोचत नाही असे अक्का मानते. मी स्वतः फार देवभोळा नाही, पण कागदाखाली सही नसेल तर तो कुठेही पोचत नाही, हे मला सव्वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे.

गेल्याच्या गेल्या साली, नवरात्र झाल्यानंतरच्या एका मंगळवारी, दुपारी मी अक्काच्या अंगणात गेलो होतो. नवा मोबाईल घेतला होता. अक्काला म्हणालो, गाणे म्हण, यात भरून ठेवतो. तिने तुणतुणे घेतले, डोळे मिटले आणि म्हटले. मामा संबळ घेऊन नेमके आलेले होतेच. दुसऱ्याच दिवशी मी येरमाळ्याच्या त्या दुकानात गेलो आणि ते गाणे मोबाईलमधून माझ्या मेमरी कार्डात घालून घेतले. शेडमध्ये माझा एक लहान स्पीकर असतो, त्यात ते कार्ड बसते. सकाळी दप्तर मांडताना मी अक्काचे गाणे लावू लागलो. पहिला पक्षकार समोर बसला की बंद करायचो, कारण लोकांच्या अडचणी ऐकताना गाणे वाजणे शोभत नाही.

दुकानदाराने ते गाणे आपल्या संगणकात ठेवून घेतले. मला विचारले नाही, अक्काला तर नाहीच. जो येईल त्याच्या मोबाईलमध्ये तो ते भरत गेला. पुढे कोणीतरी ते इंटरनेटवर चढवले, वर देवीचा फोटो लावला आणि खाली लिहिले, पारंपरिक. हा शब्द वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पारंपरिक म्हणजे ज्याला कोणी धनी नाही, जो येईल त्याने उचलावे. माझी बहीण जिवंत आहे, तिचे गुडघे दुखतात, ती रोज सकाळी अंगण झाडते, आणि लोकांनी तिला परंपरेत जमा करून टाकले.

तरीही सुरुवातीला मला बरे वाटले, हे मी लपवत नाही. जीपमध्ये, उसाच्या ट्रॅक्टरवर, येडशीच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या हातात, सगळीकडे माझ्या बहिणीचा आवाज. एक गोष्ट मात्र मला खटकत होती. गाणे संपता संपता ऐकणारी पोरेटोरे एका सुरात ओरडून हसत म्हणत, "हां, बोला." मला वाटले, ही कुठली तरी नवी टवाळी असेल. देवीच्या गाण्यावर टवाळी करतात म्हणून मी एका जीपवाल्याला भर रस्त्यात सुनावलेही. तो म्हणाला, "भाऊसाहेब, गाण्यातच हाय ते." मी त्याचे म्हणणे ऐकून घेतले नाही.

आता आमराईतला प्रकार. रिवाजाप्रमाणे देवीसाठी चुनखडीचे खडे वेचून लोक आले होते. आंब्याखाली ठिकठिकाणी मेळे बसले होते. अक्का परडी पुढे ठेवून बसली, मामांनी संबळ गळ्यात अडकवला. गाणे सुरू होताच चाल ओळखून माणसे भराभर भोवती बसली. इतकी माणसे अक्कापुढे पूर्वी कधी बसली नव्हती. मी मागे उभा राहून माणसे मोजत होतो. चार कडवी झाली. अक्काने छापेसाठी श्वास घेतला. तेवढ्यात पुढच्या ओळीतल्या एका बाईने हसून म्हटले, "हां, बोला." बाजूच्या चौघींनी तेच म्हटले. सगळ्या हसल्या, आणि लुगड्यांची धूळ झटकत उठल्या. गाणे संपले होते, त्यांच्या लेखी.

एक वयस्क बाई परडीत मूठभर पीठ टाकून म्हणाली, "गळा ग्वाड हाय बाई तुमचा. पर मोबाईलातल्या बाईची सर न्हाय. तिचंच ऐकून शिकल्या न्हवं?"

अक्का म्हणाली, "व्हय माय. ऐकून ऐकूनच."

तिने पाचवे कडवे उचलले. गुरूबाईचे नाव यायच्या आत समोरची जागा रिकामी झाली. लोक पुढच्या मेळ्याकडे निघाले होते. अक्का अर्ध्या ओळीत थांबली. मामा पुढे चार ठोके वाजवत राहिले, मग त्यांनीही हात आवरला. अक्काने तुणतुणे मांडीवर आडवे ठेवले. त्या दिवसापासून ती गायलेली नाही. मंगळवार येतो, मामा अंगणात येऊन बसतात, चहा पितात आणि जातात.

मी हे मुकाट्याने सोसणाऱ्यांतला नाही. मी त्याच आठवड्यात साडेचार पानी अर्ज लिहिला. विषय, सदर गाण्याचे शेवटचे कडवे कापून गाणे विनापरवाना पसरवल्याबाबत. तो घेऊन मी ज्या कचेरीत जायचे तिथे गेलो. कचेरीचे नाव घालत नाही. तिथल्या साहेबांनी तो पूर्ण वाचला, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो.

ते म्हणाले, "गाणं तुमच्या बहिणीचंच आहे याला पुरावा काय?"

मी म्हणालो, "शेवटच्या कडव्यात तिचं नाव आहे, साहेब."

"ऐकवा."

"तेच तर कापलंय."

साहेबांनी अर्ज घडी घालून परत दिला. "काका, तुम्ही इतका चांगला अर्ज लिहिता. यातून कलम कोणतं लावायचं तेवढं लिहून आणा."

ते कलम मला ठाऊक नव्हते. आजही नाही. पण कलम ठाऊक नसले म्हणून अन्याय होत नाही असे थोडेच आहे. फुकटात गाणी उतरवणारे लोक म्हणतात, आम्ही कुणाचे काय नेले, मूळ तर जागच्या जागीच आहे. माझ्या धंद्यात याला उत्तर आहे. कचेरीत मूळ कागदाची नक्कल काढली की ती तशीच देत नाहीत. दोन माणसे बसतात. एक मूळ कागद मोठ्याने वाचतो, दुसरा नकलेवर बोट ठेवून शब्द न् शब्द पाहतो. याला रुजवात म्हणतात. नकलेखाली लिहिणाऱ्याची सही असते तशी रुजवात घेणाऱ्याचीही असते. माझ्या उस्तादांनी, ज्यांच्याकडे मी हा धंदा शिकलो, मला त्यांचे सगळे मसुदे उतरवून घेऊ दिले. फुकट. अट एकच होती. उतरवून झाले की त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवायचे. एकदा मी आळसाने तसाच उठलो तर ते म्हणाले, "न वाचून दाखवता नेलास तर तो चोरीचा माल आणि वर चुकीचा." मी हे आयुष्यभर पाळले. माझ्या हातून गेलेल्या एकाही नकलेत आजवर कुणी चूक काढलेली नाही.

मला पैसा नको, अक्कालाही नको. माझा संताप याचा आहे की गावेच्या गावे हे गाणे घेऊन बसली आणि रुजवातीला एकही माणूस अक्काच्या दारात आला नाही. एकाने जरी विचारले असते, बाई, हे असेच आहे ना, तर तिने सांगितले असते, नाही रे बाबा, एक कडवे राहिले. एवढेच. पण विचारायला गाणे कुणाचे तरी आहे असे वाटावे लागते.

अखेर मी दुकानात गेलो. दुपारची वेळ होती, मावशी गाड्यावर आले कुटत होत्या.

दुकानदार म्हणाला, "या भाऊसाहेब. कार्ड भरायचंय का?"

"कार्ड नको. जबाब पाहिजे. शेवटचं कडवं का कापलंत?"

"म्या? मला काय शिंप्याचं दुकान हाय व्हय?"

"मग गाणं वाटलंत ते कुणाला विचारून?"

"तुमीच आणून दिलं की."

"माझ्या कार्डात घालायला दिलं. मुलखाला वाटायला नव्हे."

"एकानं ऐकलं, म्हणला मला बी टाका. मग दुसरा आला. देवीचं गाणं, कुणाला न्हाय कसं म्हणू? आन् गाण्याचा काय सातबारा आसतो का भाऊसाहेब? वाऱ्यावरचं हाय ते."

मी म्हणालो, "छाप हाच त्याचा सातबारा. तो तुम्ही फाडलात."

मावशी बाहेरून म्हणाल्या, "त्याच्या दुकानातल्या एका बी गाण्याला सातबारा न्हाय. पर तुमच्या कार्डातल्या गाण्यांचा तरी हाय का? समदी हितूनच भरून नेल्यात न्हवं तुमी."

हा मुद्दा विषयाला सोडून होता. तरी खरा होता. माझ्या कार्डात अक्काच्या गाण्याखेरीज पुष्कळ गाणी आहेत. ती कुणाची, अर्धी आहेत की पुरी, हे मी कधी कुणाला विचारलेले नाही. त्या वेळी मात्र मी मावशींकडे पाठ फिरवली. दुकानदाराला म्हणालो, "मी दिलं त्या दिवशीचं मूळ काढा. त्यात पाचवं कडवं असलंच पाहिजे. आत्ता, साक्षीदारासमक्ष."

त्याने संगणकात शोधले. काढले. पडद्यावर तारीख दिसत होती, मी दिले तोच दिवस. आम्ही तिघे ऐकू लागलो. मावशी हातात खलबत्त्याचा दांडा घेऊन दारात उभ्या होत्या. चौथे कडवे संपले. एक बारीक घंटी वाजल्यासारखी झाली, आणि अगदी जवळून एक पुरुषी आवाज आला, "हां, बोला." त्यानंतर काही नाही.

"बघा," दुकानदार म्हणाला. "हे आसंच आलंय. म्या शब्दाला हात लावला न्हाय."

"हा मध्येच बोलणारा इसम कोण?" मी विचारले.

मावशी म्हणाल्या, "आवो, तुमीच की."

मी म्हणालो, हा आवाज माझा नाही. माझा आवाज जड आहे. पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा ऐकले. तिसऱ्यांदा ऐकले. मावशींनी पदराला हात पुसले, कमरेचा मोबाईल काढला आणि त्यावर काहीतरी दाबले. माझ्या खिशातला बटनाचा मोबाईल वाजला. सवयीने मी तो कानाला लावला आणि म्हणालो, "हां, बोला."

कोणी हसले नाही. दुकानदाराने संगणकाकडे पाहिले. मावशी गाड्याकडे परत गेल्या आणि न सांगता एक चहा ओतून माझ्या पुढ्यात ठेवला.

मग मला तो मंगळवार पुरता आठवला. नव्या मोबाईलवर मी गाणे भरत होतो, पण कामाचा मोबाईल दुसरा, बटनाचा. चौथे कडवे संपता संपता तो वाजला. पक्षकार होता. रेशनकार्डावर त्याच्या आईचे नाव चुकीचे पडले होते आणि त्याला दुरुस्तीचा अर्ज तातडीने हवा होता. पक्षकाराची गोष्ट तिऱ्हाइताच्या कानी पडू नये, या सचोटीपोटी मी डाव्या हाताने रेकॉर्डिंग बंद केले आणि बोलत बोलत अंगणाच्या फाटकापर्यंत गेलो. अक्का डोळे मिटून गात होती. छापेचे कडवे मी फाटकाशी, पाठमोरा उभा राहून ऐकले. ऐकले होते, म्हणूनच ते भरले गेले असे मी दीड वर्ष धरून चाललो. शेडमध्ये गाणे शेवटपर्यंत मी एकदाही वाजू दिले नाही. आणि दुकानात नक्कल देताना, ज्याने आयुष्यभर लोकांच्या कागदांची रुजवात घेतली त्या मी, आपल्या सख्ख्या बहिणीच्या गाण्याची घेतली नाही.

मी तिथून तडक अक्काकडे गेलो. ती उंबऱ्यात ज्वारी पाखडत होती.

"अक्का, कडवं त्या दुकानदारानं कापलेलं नाही."

"ठाव हाय."

"तुला कसं ठाऊक?"

"डोळं मिटलं म्हून कान मिटत्यात व्हय? तुझ्या चपला वाजल्या की फाटकाकडं जाताना."

"मग तेव्हाच बोलायचं होतंस."

"काय बोलू? कामाचा फोन हुता तुझा." तिने सूप आपटून कोंडा उडवला. "आमराईत लोकं उठली त्याचं मला काय बी वाटलं न्हाय. त्यांनी कुठं ऐकलंय म्होरलं. तू तर लिवून घेतलंयस. तरी उठलास."

सव्वीस वर्षांत हजारोंच्या वतीने मी माफी लिहिली आहे, उशिराबद्दल, चुकीबद्दल, गैरहजेरीबद्दल. त्यातले एकही वाक्य मला त्या उंबऱ्यात सुचले नाही. शेवटी म्हणालो, "अक्का, पुन्हा म्हण. पुरतं भरून घेऊ. मी बटनाचा मोबाईल शेडमध्ये ठेवून येतो."

ती म्हणाली, "बघू." आणि ज्वारी पाखडत राहिली. आमच्या घरात बघू याचा अर्थ काय होतो ते बघू म्हणणाऱ्यालाच ठाऊक असते. मी तासभर बसलो.

माझी चूक निघाली म्हणून बाकीच्यांची सुटली, असे मात्र कुणी समजू नये. मी अपुरी नक्कल दिली, हा माझा कसूर. पण ती अपुरी आहे हे कळायला एका माणसाने अर्धा तास चालत जायचे होते. अक्काचे गाव दूर नाही. आवाज घरात आणला, स्वयंपाक करताना लावला, पोरांना निजवताना लावला, लग्नात लावला, आणि तो आवाज कुणाचा, हा प्रश्न कुणाला पडला नाही. फुकट मिळालेल्या वस्तूचे हेच होते. देणाऱ्याचे तोंड दिसत नाही. मीही त्याच रांगेत आहे, माझे कार्ड माझ्याविरुद्ध पुरावा आहे, आणि तो मी लपवत नाही.

सबब, या अर्जात पुढीलप्रमाणे दुरुस्ती करतो. गैरअर्जदार क्रमांक एक म्हणून माझे नाव धरावे. मोबाईल दुकानदार क्रमांक दोनवर जातील. त्यांनी आपल्या संगणकातील गाण्यापुढे "अपुरे, शेवटचे कडवे बाकी" असे लिहिण्याचे मावशींसमक्ष कबूल केले आहे आणि तसे लिहिलेही आहे, मी स्वतः वाचून पाहिले. बाकी सर्व क्रमांक तीन.

क्रमांक तीन यांना विनंती की, ज्यांच्या मोबाईलमध्ये सदर गाणे आहे त्यांनी ते पुसू नये आणि त्याबद्दल काही पाठवूही नये. कोणत्याही मंगळवारी दुपारी येरमाळ्याहून चालत निघावे, कोणालाही आराधी अक्काचे घर विचारावे, अंगणात बसावे आणि एवढेच म्हणावे की, आमच्याकडे चार कडवी आहेत, ती बरोबर आहेत का ते पाहावे आणि राहिलेले एक सांगावे. ते सुरू झाल्यावर उठू नये.

आणि अक्काच्या चरणी, हा अर्ज तिला वाचता येत नसल्याने मी तो येत्या मंगळवारी तिच्यासमोर बसून, मामांच्या हजेरीत, मोठ्याने वाचून दाखवीन. वाचताना वहीतले अस्सल पान शेजारी उघडे ठेवीन. त्यात कुठे चूक असेल तर तिने तिथे थांबवावे. वाचून झाल्यावर पुन्हा गाणार का, हो की नाही, ते तिने आपल्या तोंडाने सांगावे, अशी माझी तिच्याकडे नम्र विनंती आहे. उत्तर मिळेपर्यंत मी अंगणातून उठणार नाही.

लिहिणार आणि कसूरवार एकच. रुजवात घेणाऱ्याची जागा कोरी ठेवली आहे.